डोलकाठीखालचा पैसा

दोह्याच्या मदिनत खलीफामधल्या एका जुन्या व्हिलात मालकाने भिंती घालघालून एका घराची पाच घरं केली आहेत. मागच्या भागात कमाल होडेकर राहतो. तो घरी आहे की नाही हे शेजाऱ्यांना दार न उघडताच कळतं, कारण कमालला लाकूड दिसलं की तो आधी त्यावर बोटाने टक् करून मारतो आणि मग कान लावतो. दार असो, पलंग असो, कुणाच्या पोराची क्रिकेटची बॅट असो.

"ह्यां लाकूड नाय. दाबलेला भुसा हाय."

हौसेने नवं डायनिंग टेबल आणलेल्या माणसाचं तोंड त्यानंतर जे होतं, ते पाहायला अख्खा व्हिला जमतो.

माणूस राजापूर खाडीकाठच्या जैतापूरचा. होडेकरांच्या घरात पिढ्यान् पिढ्या गलबतं बांधली गेली. कमालचा आजा हातात वाकस, म्हणजे लाकूड तासायचं हत्यार, घेऊन वाकड्या फांदीकडे बघायचा आणि तीत त्याला होडीची बरगडी दिसायची. पण कमाल हाताशी येईतो फायबरच्या होड्या आल्या, बंदरावरचा भुसा उडून गेला आणि आजाही गेला. कमालने वाकस आईच्या जुन्या लुगड्यात गुंडाळला आणि दोह्याचं विमान पकडलं. इथे इंडस्ट्रियल एरियातल्या एका वर्कशॉपमध्ये त्याने उभं आयुष्य काय केलं, तर लोकांची किचनं. शेजारच्या रय्यान भागातली अर्धी भांडी कमालच्या कपाटांत झोपतात. पण गडी बोलायला लागला की विषय एकच. "आमी जहाजां बांधणारे!"

वरच्या भागातला जालिंदर हा सांगलीकडचा, क्रेनवाला ट्रक चालवणारा. तो जिन्यावरूनच हाळी द्यायचा. "काय कमालभाई, आज किचन कुठल्या बंदराला लागलं?"

"तुझ्या तोंडाला लागू दे," कमाल खालून म्हणायचा.

हे असं वर्षानुवर्षं चाललं होतं. मग बू राशिद आले.

बू राशिद म्हणजे रय्यानमधले एक म्हातारे कतारी गृहस्थ. थोरला मुलगा राशिद, म्हणून सगळे त्यांना 'राशिदचे बाप' या अर्थाने बू राशिद म्हणतात. तरुणपणी मुंबईच्या खेपा केलेल्या, त्यामुळे हिंदी अशी बोलतात की आपल्याकडच्या ट्रॅफिक हवालदाराने लाजावं. कमाल त्यांच्या घरी किचनचा खण बसवत होता. खिडकीतून सहज बाहेर पाहिलं आणि त्याच्या हातातला स्क्रू ड्रायव्हर तसाच राहिला. मागच्या अंगणात पत्र्याच्या शेडखाली एक सांबूक उभं होतं. सांबूक म्हणजे इकडचं जुनं लाकडी गलबत. धुळीने माखलेलं, डोलकाठी उतरवून भिंतीशी आडवी टाकलेली. कमाल किचन सोडून थेट शेडखाली गेला, टक् केलं आणि फळीला कान लावून उभा राहिला.

बू राशिद मागे कधी येऊन थांबले ते त्याला कळलंही नाही.

"तू सुतार आहेस की डॉक्टर?" ते त्यांच्या हिंदीत म्हणाले.

"बाबा, ही जिवंत आहे," कमाल म्हणाला. "अस्सल मलबारी साग. फक्त पोटात थोडं कुजलंय."

"माझंही तसंच आहे," म्हातारबा म्हणाले. "माझं राहू दे. हिचं करशील?"

झालं! हिवाळाभर कमालचे सगळे शुक्रवार त्या सांबुकात गेले. नजमाला, म्हणजे त्याच्या बायकोला, नवरा दर आठवड्याला तेलाचा वास घेऊन घरी यायची सवय झाली. फटींत तेलात भिजवलेला कापूस ठासायचा, कुजकी फळी काढून नवी बसवायची, आणि मधूनच वाकस हातात घेऊन उगीच हसायचं. किचनचा कारागीर साठीच्या उंबरठ्यावर एकाएकी जहाजाचा झाला होता.

डोलकाठीचा बुंधा ज्या जाड ठोकळ्याच्या खळग्यात उभा राहतो, त्याला त्याचा आजा उखळ म्हणायचा. ते उखळ कुजलं होतं. डोलकाठी उभी करण्याच्या आदल्या संध्याकाळी, कामावरून सुटून, कमाल नवं उखळ बसवायला म्हणून जुनं उकरत होता आणि तळातून खट्ट असा आवाज आला. लाकडात लोखंड लागलं की येतो तसा नव्हे, जरा गोड. त्याने बोट घालून चाचपलं. एक चकती हाताला लागली. काळीहिरवी, तेलाच्या पुटात रुतलेली आणि आपल्या दहा रुपयांच्या नाण्यापेक्षा जाड.

कमाल तिथेच सांबुकाच्या पोटात खाली बसला.

आजाने सांगितलेलं त्याने लहानपणी ऐकलं होतं आणि गोष्ट म्हणून सोडून दिलं होतं. डोलकाठी उभी करताना तिच्या पायाखाली एक पैसा ठेवायचा. तो नाखव्याचा नाही, सुताराचा नाही. तो होडीचा. दुरुस्तीत निघाला तर होडीतच ठेवायचा, कुणाच्या घरात न्यायचा नाही, आणि नवी काठी उभी राहताना पुन्हा त्याच जागी. जैतापूरला ऐकलेली गोष्ट समुद्रापलीकडे, कतारमध्ये, कुणा दुसऱ्यांच्या गलबतात त्याच्या हाताला लागली होती. 

आता एवढी मोठी गोष्ट हाती लागल्यावर शहाण्या माणसाने काय करावं? आजाचं ऐकावं. कमालने काय केलं? चकती खिशात घातली आणि बायकोला दाखवायला घरी आणली! जन्मभर 'जहाज, जहाज' करून टोमणे खाल्लेल्या माणसाला एक दिवस पुरावा मिळाला, तर तो मिरवल्याशिवाय राहील का? त्याने जिन्यात जालिंदरला दाखवली, अंगणात सगळ्यांना दाखवली. मुलगी शफा कॉलेजात आहे. तिने फोटो काढून राशिदला पाठवला, कारण बू राशिदना फोनमध्ये फक्त फोन करता येतो. राशिदचं लगेच उत्तर आलं : माशाल्ला, उद्या घेऊन या.

पैसा रात्रभर ओट्यावर बशीत राहिला. आणि ओटा, हे इथे स्पष्ट सांगायला हवं, नजमाचा आहे.

आता नजमाबद्दल दोन शब्द. ही बाई काळं पडलेलं तांबं बघू शकत नाही. कुणाला दुसऱ्याचा ढेकर सहन होत नाही, तसं. सासरहून येताना ती आमसुलांची पिशवी आणते. अर्धी कालवणात जाते, अर्धी भांड्यांवर. शेजारच्या हिंदू बायका सणावारी आपली तांब्याची भांडी तिच्याकडे देतात आणि वर "भाभी, तुमच्या हाताला चमक आहे" म्हणून खूशही करतात. शुक्रवारी सकाळी कमाल आंघोळीला गेला. नजमाला बशीत काळी चकती दिसली. नवरा आज मोठ्या माणसांकडे हे असलं मळकं घेऊन जाणार? तिने आमसूल भिजवलं, चिमूटभर मीठ घेतलं आणि घासायला बसली. दोन्ही अंगांनी.

कमाल टॉवेलवरच बाहेर आला आणि जागच्या जागी थिजला.

"नजमा! ह्यां काय केलंस गो?"

"साफ केलां. किती मळ व्हता! बघा तरी आता."

ओरडायला उघडलेलं तोंड त्याने मिटलं, कारण त्याची नजर पैशावर पडली होती.

तांबं नव्या नवरीसारखं लाल झालं होतं. आणि त्यात एक तराजू होता. नाजूक दांडी, दोन पारडी, दोन्ही अगदी सारखी. पारड्यांच्या मधल्या जागेत तीन अक्षरं होती. कमालला अरबी भाषा येत नाही, पण लहानपणी मशिदीत शिकलेली अक्षरं येतात. ऐन, दाल, लाम. त्याने पुटपुटून जोडली. अदल. म्हणजे न्याय.

पैसा उलटा केला तर मागे बदामाच्या आकारात आडव्याउभ्या रेघा आणि त्यांत इंग्रजी अक्षरं. खाली साल, सतराशे एवढं लागत होतं, पुढचे आकडे झिजलेले.

शफा डोळे चोळत आली, फोनमध्ये शोधू लागली आणि तिची झोप उडाली. हा कंपनी सरकारचा पैसा. विलायतेत पाडलेला, जहाजात भरून मुंबईला आणलेला, बाजारहाटाची मोड म्हणून. तेव्हा पुण्यात पेशवाई होती. आपल्याकडच्या माणसांनी अशा जाडजूड तांब्याच्या पैशाला ढब्बू नाव दिलं. ते नाव आता फक्त मिरचीला उरलंय.

"तांब्याच्या पैशावर न्याय लिवलाय!" नजमा म्हणाली. "कंपनीन?"

"तराजू समतोल का दिसतोय माहीत आहे?" जिन्यावरून जालिंदर वाकून बघत होता. त्याला कुणीही बोलावलं नव्हतं. "एका पारड्यात कंपनी बसलीय, दुसऱ्यातही कंपनीच."

कमालला मात्र हसू आलं नाही. ज्या पैशात तेव्हा मूठभर फुटाणे येत असतील, तो पैसा समुद्र ओलांडून आला, खारं पाणी प्याला, किती माणसं मेली, किती राज्यं गेली, आणि हा एका काठीखाली निमूट बसून राहिला. त्याला तो हातात धरवेना आणि ठेववेनाही.

तेवढ्यात शफाने डोक्याला हात लावला. "मम्मी! यू डोंट क्लीन ओल्ड कॉइन्स! मी कालचा फोटो राशिदसाहेबांना पाठवलाय. त्यात काळा गोळा आहे. आता हे बघून ते म्हणतील, दुसरंच आणलं."

 कमाल हळूच खुर्चीवर टेकला. राशिद तसा वाईट माणूस नाही, पण त्याला जुन्या वस्तूंचा भाव कळतो. आपण खरा पैसा दाबला आणि बाजारातला चकचकीत नकली नेऊन दिला, असं त्याला वाटलं तर? होडीचा पैसा घरात आणायचा नाही, हे आजाने सांगितलं होतं ना! उभ्या जन्मात एक डोलकाठी उभी करायची संधी आली आणि तिच्यावर चोरीचा डाग.

"मी येतंय," नजमा म्हणाली. "मी घासलां, मीच सांगन." आणि तिने उरलेली आमसुलं प्लास्टिकच्या पिशवीत भरून घेतली. पुरावा म्हणून.

नमाजनंतर जालिंदरच्या ट्रकात तिघं निघाली. डोलकाठी उचलायला क्रेन लागणारच होती. वाटेत जालिंदरने दोनदा विनोद करायचा प्रयत्न केला आणि दोन्ही वेळा नजमाने त्याच्याकडे असं पाहिलं की त्याने गिअर बदलला.

भीती खरी ठरली. राशिदने एका हातात फोन धरला, दुसऱ्या हातात पैसा. फोनकडे पाहिलं, पैशाकडे पाहिलं. मग शांतपणे वडिलांना, कमालला कळेल अशा हिंदीत, म्हणाला, "बाबा, हे ते नाही."

"तेच आहे, साहेब," कमाल म्हणाला. त्याचा आवाज त्यालाच खोटा वाटला.

"मा फी मुश्किल, काही हरकत नाही, कमाल. तू खूप मेहनत केलीस. तुझे पैसे देतो. काठी आम्ही नंतर कुणाकडून तरी उभी करून घेऊ. खलास."

आवाज चढला असता तर भांडता तरी आलं असतं. या 'खलास'शी भांडायचं कसं?

नजमा पुढे झाली. "साहेब, मैंने घासा. इससे." आणि तिने पिशवी उघडून राशिदच्या नाकाखाली धरली.

राशिदने आत डोकावलं. सुकलेली, सुरकुतलेली, काळीजांभळी फळं. या असल्या वस्तूने दोनशे वर्षांचा मळ निघतो यावर त्याने का विश्वास ठेवावा? नजमाने इकडेतिकडे पाहिलं. कट्ट्यावर बू राशिदांची कॉफीची पितळी दल्ला, म्हणजे किटली, होती, वर्षानुवर्षं निखाऱ्यावर बसून काळवंडलेली. कुणी हो-नाही म्हणायच्या आत बाईने पाणी घेतलं, आमसूल घेतलं आणि तिच्या पोटावर हात फिरवायला लागली. बघता बघता काळ्यातून सोन्यासारखा पट्टा निघाला.

बू राशिद गदगदा हसले. "बस कर बाई! ती माझ्या बापाची काजळी आहे."

राशिदही हसला. पण मान हलवून म्हणाला, "भांडं चमकलं, मान्य. म्हणून पैसा तोच, हे कसं मानायचं?"

खरं होतं ते. म्हाताऱ्यांनी पैसा हातात घेतला, डोळ्यांशी नेला. "मीही सांगू शकत नाही," ते म्हणाले. "काठीखाली एक बेझा आहे, असं बाप सांगायचा. पण तो माझ्या जन्माच्या आधी ठेवलेला. मी बघितलाच नाही कधी." बेझा म्हणजे पैसा. इथल्या जुन्या माणसांच्या तोंडी अजून आहे हा शब्द. म्हातारबांच्या लहानपणी इथेही रुपया आणि आणेच चालायचे, आपलेच.

मग त्यांनी कमालला विचारलं, "ठेवलेला कसा होता? कुठली बाजू वर?"

"बाबा, दोन्ही काळ्या होत्या. काय सांगू?" आणि एवढं बोलून कमाल थांबला.

वरच्या बाजूवर काठी उभी होती. अख्खी डोलकाठी, शिडासकट, वाऱ्यासकट.

तो काही न बोलता भिंतीकडे गेला. आडव्या पडलेल्या काठीचा बुंधा भिंतीला टेकला होता, तिकडे कुणी कधी पाहिलंच नव्हतं. जालिंदरने क्रेनचा पट्टा लावून तो हातभर पुढे ओढला. कमाल गुडघ्यांवर बसला. बुंध्याच्या तळावर तेल आणि माती यांचं टणक पूट होतं. नजमाने आमसुलाची पिशवी पुढे केली.

"नको!" तिन्ही पुरुष एकदम ओरडले. चौथा जालिंदर, तो नंतर ओरडला.

कमालने ओल्या फडक्याने हळूहळू पुसलं. आधी एक हिरवट गोल दिसला. मग गोलाची कड, नखात अडकेल एवढी खोल. मग त्याने फडकं टाकून दिलं आणि बोटाच्या पेराने पुसायला लागला, तान्ह्या पोराचं तोंड पुसावं तसं.

लाकडात तराजू होता.

काठीच्या ओझ्याने, वर्षानुवर्षांच्या वादळवाऱ्यांनी तो पैसा सागवानात ठसवला होता. दांडी दिसत होती, दोन पारडी दिसत होती. मधली तीन अक्षरं आरशात दिसावीत तशी उलटी होती, पण होती. कमालने पैसा घेतला आणि त्या ठशावर धरला. थोडासा फिरवला. पैसा जागेवर बसला, आणि हात काढला तरी पडला नाही.

  

बू राशिद हातातली काठी टेकत जमिनीवर बसले. एवढ्या वयाचा माणूस मातीत बसतो म्हटल्यावर राशिद धावला, पण त्यांनी हाताने थांबवलं. ठशात बसलेल्या पैशाच्या कडेवरून ते बोट फिरवत राहिले.

"हे सांबूक माझ्या बापाचं," ते म्हणाले. "त्याच्या आधी आजोबांचं एक होतं. ते मोडलं तेव्हा त्याच्या काठीखालचा बेझा हिच्याखाली आला. आजोबांना तो कुठल्या होडीतून मिळाला, ते बाप सांगायचा, मी विसरलो. म्हणजे होड्या गेल्या. हा राहिला."

कमाल ऐकत होता. कुठल्याशा किनाऱ्यावर कुणा सुताराने हा पैसा पहिल्यांदा ठेवला असेल. तो जैतापूरचा असेल, ओमानच्या सूरचा असेल, कालिकतचा असेल. मग दुसऱ्याने उचलून पुढे ठेवला असेल. एकाचंही नाव कुणाला माहीत नाही. आणि त्या ओळीत आता शेवटी किचन बनवणारा एक माणूस उभा होता. त्याने पैसा बशीत ठेवला होता, आणि त्याच्या बायकोने त्याला आमसूल लावलं होतं.

राशिद जवळ आला. "उस्ताद," तो म्हणाला. कमालने मागे वळून पाहिलं, दुसरं कुणी आलंय का ते. "उस्ताद, माझं चुकलं."

"माझं पण चुकलं, साहेब. घरी न्यायला नको होता."

"पण मग आता हा काचेत ठेवू या ना? मजलिसमध्ये, बैठकीच्या भिंतीवर. पाहुणे बघतील."

कमालने बू राशिदांकडे पाहिलं. मघाशी ज्याला स्वतःचाच आवाज खोटा वाटला होता, तो माणूस आता स्वच्छ आवाजात बोलला. "साहेब, काचेत ठेवाल तर ठेवा. तुमचा आहे. पण मग काठी दुसऱ्या कुणाकडून उभी करून घ्या. रिकाम्या जागेवर मी उभी करणार नाही."

राशिद बापाकडे बघू लागला. म्हातारबांनी मुलाकडे पाहिलंच नाही. ते ठशातला पैसा काढायचा प्रयत्न करत होते आणि तो निघत नव्हता.

"ऐकलंस ना उस्तादाने काय सांगितलं?" ते एवढंच म्हणाले.

मग पैसा निघाला. नव्या उखळाच्या तळाशी कमालने तो ठेवला. तराजू वर, जसा होता तसा. "बिस्मिल्ला" म्हणाला. जालिंदरने क्रेन अशी चालवली की शपथ घेऊन सांगावं, त्या ट्रकने इतकं हळू याआधी कधी काही उचललं नसेल. काठी उभी झाली, आकाशात जरा डुलली, खाली आली. कमाल दोन्ही हातांनी बुंधा धरून फिरवत होता, एक बोट इकडे, अर्धं बोट तिकडे, ठसा पैशावर यावा म्हणून. मग काठी टेकली. खालून बारीक आवाज आला.

तांब्याचा तो लाल गोल आता दिसत नव्हता. नजमा वाकून वाकून बघत होती.

"येवढा घासलां," ती पुटपुटली, "आता बघणार कोण?"

"पुढला सुतार," कमाल म्हणाला.

"तो कधी येणार?"

कमालने वर पाहिलं. काठीचं टोक बघताना मान पार मागे करावी लागत होती. "लाकूड चांगला हाय," तो म्हणाला. "तो आपल्याला नाय भेटायचा."

परतताना ट्रकात कुणी बोललं नाही. रय्यानपासून मदिनत खलीफापर्यंत नजमा आणि जालिंदर एकाच गाडीत बसून गप्प होते. हे व्हिलात सांगितलं तर अजून कुणाला खरं वाटत नाही.